वडिलांचं आयुष्य लिहून काढायचंय, सुरुवात कुठून करू?

माणकाठ

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, भाऊबंद पाव्हणे सगळे जमतील. मला त्यांचं आयुष्य नीट लिहून काढायचंय. पुस्तक छापायचं वगैरे डोक्यात नाही, टाईप करून, झेरॉक्सवाल्याकडून बाइंडिंग करून भाचरांना, पुतण्यांना आणि माझ्या पोरीला द्यायचं एवढंच. पोरीला आजोबा म्हणजे डाळिंबाच्या बागेत खाटेवर बसलेला टोपीवाला माणूस एवढाच माहितीये. हाच माणूस मुंबईत गिरणीत साचे (कापड विणायचे माग) चालवत होता हे सांगितलं तर तिला खरं वाटत नाही.

गाव आटपाडी तालुक्यात, माणच्या शिवेला लागून. आजोबा फार लवकर गेले. अण्णा थोरले, पाठीवर दोन बहिणी आणि एक भाऊ. चौथीनंतर शाळा सुटली आणि घर अंगावर पडलं. 72 च्या दुष्काळात खडी फोडली, लग्न नवीन झालेलं, आई पण त्याच कामावर. त्यानंतर गावातल्या एकानं मुंबईला नेऊन गिरणीत बदलीवर लावलं, पुढं परमनंट झाले. 82 च्या संपानंतर ट्रंक उचलून गावी आले ते कायमचे. मग विहीर, शेळ्या, मग डाळिंब. तेल्या रोगानं बाग गेली ती पण बघितली, परत लावली. मधल्या काळात दोन्ही आत्यांची लग्नं, नानाला (धाकटा चुलता) गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात तामिळनाडूला पाठवलं, तो तिकडंच सेटल झाला.

एवढं मला येतं पण हे सगळं अर्ध्या पानात संपतं ना. माणूस सत्त्याहत्तर वर्षं जगला आणि माझ्याकडं अर्धं पान.

आईला विचारलं की म्हणते, "काय सांगायचं, केलं आणि खाल्लं." मग उठून आत जाते. कागद म्हणाल तर शाळेचा दाखला आहे, त्यावर जन्मतारीख 1 जून 1947, ती अर्थातच गुरुजींनी टाकलेली. आईच्या ट्रंकेत मनीऑर्डरची कुपनं सापडली, दोरा बांधून ठेवलेली. कडा पिवळ्या पडल्यात, पोस्टाचा शिक्का अर्धा उडालाय, पण अण्णांचं अक्षर लागतं. एकावर असं आहे: "पैकी वीस रुपये सोसायटीत भरणे. म्हशीस पेंड आणणे. धाकटीला शाळेतून काढू नये." आईला वाचता येत नाही, पोस्टमन पैसे मोजून देताना वाचून दाखवायचा म्हणे. ही धाकटी म्हणजे माझी लहान आत्या. ती पुढं बालवाडीत शिक्षिका झाली. हे कुपन मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही.

तर विचारायचं असं की सुरुवात कुठून करावी, आईला बोलतं कसं करावं आणि जुने कागद कुठं मिळतील. कुणी आपल्या वडिलांचं असं लिहिलं असेल तर कृपया सांगा.

फेरफार_वाचक

माणकाठ, अण्णांना आदरांजली. मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून कागदांचं मी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतील.

पहिलं म्हणजे सातबारा नुसता आजचा बघू नका. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज देऊन जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफारांच्या नकला काढा. फेरफार म्हणजे गाव नमुना 6, त्यात घराचा अख्खा इतिहास असतो पण लोक फक्त वाटणीच्या भांडणात तो उघडतात. तुमचे आजोबा वारले तेव्हा वारसाची नोंद झाली असणार, त्यात तारीख असेल, आजीचं नाव असेल, मुलं अज्ञान (वयानं लहान) असतील तर "अ.पा.क." म्हणून पालनकर्त्याचं नाव असेल. आत्यांची नावं तेव्हा लागली का नाही ते पण कळेल. अण्णांच्या नावापुढं "ए.कु.मॅ." असं दिसलं तर समजायचं की एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्यांचं नाव लागलं. तुम्ही लिहिलंत ना "घर अंगावर पडलं", तर ते ज्या साली पडलं ते साल तुम्हाला तिथं सापडेल.

दुसरं, सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना. सोसायटीचा बोजा, तगाई (सरकारी शेतीकर्ज), विहिरीचं कर्ज, इंजिनाचं कर्ज, सगळं तिथं चढतं आणि फिटलं की फेरफारानं उतरतं. कर्ज कधी काढलं आणि कधी फेडलं हे क्रमानं मांडून बघा, प्रत्येक बोज्यामागं घरात काहीतरी घडलेलं असतं. लग्न, बैल मेला, विहिरीला पाणी लागलं नाही, असं. आणि पीकपाहणीचा भाग बघायला विसरू नका, कुठल्या साली बाजरी होती आणि कुठल्या साली नुसतं पडीक लिहिलंय ते दिसतं.

तिसरं, जन्माचं. गाव नमुना 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी लोकांनी हीच बुकं धुंडाळली, त्यामुळं रेकॉर्ड रूमच्या माणसांना आता ती कुठल्या कपाटात आहेत हे माहीत असतं. त्यात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, बापाचं नाव आणि मुलगा का मुलगी एवढंच. जुनी पानं मोडी लिपीत असली तर वाचणारा शोधावा लागेल.

अजून एक, आटपाडी महाल हा औंध संस्थानात होता. तुमचं गाव त्या महालातलं असेल तर 1947 साली अण्णा जन्मले ते पंतप्रतिनिधींच्या राज्यात. संस्थान 1948 च्या मार्चमध्ये विलीन झालं, मग 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याचं सांगली नाव पडलं 1960 ला. म्हणजे माणूस एकाच घरात राहिला आणि त्याच्या पत्त्यातलं राज्य, जिल्हा सगळं बदलत गेलं. हे पोरीला सांगा, तिच्या इतिहासाच्या पुस्तकात संस्थानांचं विलीनीकरण असतंच.

जोंधळा

दादा, तुमच्या आईंबद्दल लिहिते. आमची आई पण अशीच, विचारलं की "काय नाय बया". माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आमचं गाव जत बाजूला. "बाबांबद्दल सांग" असं म्हटलं की ती गप्पच व्हायची, कारण तेवढं मोठं कोण सांगणार, सुरुवात कुठून करायची तिनं? मग मी तिच्या कामाचं विचारायला लागले. 72 ला भाकरी कशाची करायचीस? बास, एवढ्यावर ती तासभर बोलली. मिलो (रेशनवरची परदेशी ज्वारी) कसला लाल लाल, भाकरी थापली की चिरा पडायच्या, पोरं तोंडात धरायची नाहीत, सुकडी मिळायची ती पदराला बांधून घरी कशी आणायची, तान्ह्या पोराला बाभळीला झोळी बांधून मुकादमाची नजर चुकवून पाजायला कशी जायची. आणि या सगळ्यात बाबा आपोआप आले. बाबा तिच्या वाटणीची खडी फोडून ढीग पुरा करून द्यायचे म्हणजे हजेरी कापली जाऊ नये, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुमची आई पण त्याच कामावर होती म्हणता, मग तुम्हाला ती फक्त अण्णांची साक्षीदार नाहीये, तिचं पण आयुष्य आहे ते. अण्णा मुंबईला असताना गावाकडचं घर कुणी चालवलं? सासू, दोन नणंदा, शाळकरी दीर, म्हैस, कोरडवाहू रान. मनीऑर्डर आली ती खर्च कशी केली हे फक्त तिला माहितीये. त्या कुपनांवर अण्णांनी लिहिलं "पेंड आणणे", पण आणली कुणी? म्हणून माझं म्हणणं, वही दोघांची करा. नावापासूनच दोघांची.

कुपनं तिच्यासमोर एकेक वाचा. वाचून झालं की गप्प बसा, पुढचा प्रश्न लगेच टाकू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून मोबाईल उपडा ठेवा, समोर धरला की बायका पदर सावरून बसतात आणि मग बोलणं सभेतल्यासारखं होतं. त्यांना विचारून मात्र ठेवा. आणि शेंगा फोडताना, निवडताना बसा, हात कामात असले की तोंड मोकळं होतं.

साल त्यांना सांगता येणार नाही, ते तुम्ही लावा. आमच्याकडं जळिताचं साल म्हणजे गांधीजींच्या खुनानंतरचं 48, भूकंपाचं साल म्हणजे कोयनेचा, 67 चा डिसेंबर. आधी का नंतर एवढं विचारलं तरी पुरतं. 1 जूनचा प्रश्न पण असाच सुटेल, जळिताच्या वेळी अण्णा रांगत होते का पोटात होते हे गावात एखादी म्हातारी अजून सांगू शकेल.

आणि हो, तुमच्याकडं हेळवी येतात का? आमच्याकडं सुगी झाली की बेळगाव बाजूनं यायचे बैल घेऊन, दारात बसून अख्खी वंशावळ म्हणून दाखवायचे, मूळ गाव कुठलं, कुठल्या दुष्काळात कुठून उठून आलो ते सगळं. आता बैलाऐवजी गाडीवर येतात पण वह्या आहेत त्यांच्याकडं. भावकीत कुणाकडं नंबर असेल तर बोलावून घ्या वर्षश्राद्धाच्या आसपास.

डिलाईलरोड

मी गिरणगावात वाढलो, वडील साचा खात्यात. तुम्ही "साचे चालवत होता" लिहिलंत म्हणून विचारतो, अण्णा फार मोठ्यानं बोलायचे का?? टीव्हीचा आवाज मोठा लागायचा का? साचेवाल्यांच्या बहुतेक घरात हे होतं. लूमचा आवाज इतका की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी खुणांनी नाहीतर ओठ वाचून बोलायचं, पाळी करून घरी आलं तरी कानात तोच आवाज. माझ्या वडिलांवर आई कायम चिडायची, हळू बोला म्हणून, त्यांना ते मोठं वाटतच नव्हतं.

बदली कामगार म्हणजे रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. परमनंट व्हायला वर्षं जायची. त्या काळात माणूस कसा राहिला ते शोधा. बहुतेक सातारा सांगलीकडची माणसं गावच्या खोलीत राहायची, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-तीस माणसं, प्रत्येकाची भिंतीला एक ट्रंक आणि खुंटी. जेवण खानावळीत, महिन्यावर. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांची 1975 साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून संघटना बांधली, त्यातली एखादी मावशी तुमच्या अण्णांना पण जेवू घालत असेल. गावच्या खोल्यांची मंडळं असतात, त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या असतात. वर्गणी कुणी कधी भरली, गावच्या देवळाला, शाळेला किती पैसे पाठवले, सगळं नावानिशी. काही गावांच्या खोल्या अजून आहेत लालबाग परळला. तुमच्या गावच्या मंडळाचा अध्यक्ष सेक्रेटरी कोण ते गावात विचारा, ती वही मिळाली तर सोनं आहे.

कागद म्हणाल तर तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, पीएफची स्लिप. आणि म्हाडाच्या गिरणी कामगार घरासाठी अर्ज केला होता का? 1 जानेवारी 1982 ला कामावर असलेल्या कामगाराला नाहीतर वारसाला अर्ज करता येत होता, त्यासाठी लोकांनी जुने पुरावे कुठून कुठून काढून जोडले. केला असेल तर त्या फाईलमध्ये गिरणीचं नाव, खातं, नंबर सगळं एका जागी मिळेल.

संपाबद्दल पण लिहा. 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कुणी मागं घेतलाच नाही. पेपरात आकडा येतो पण त्यातला एक माणूस एसटीत बसून आटपाडीला उतरला तेव्हा घरात काय झालं हे कुठल्याच पेपरात नाही. ते तुमच्या आईला माहितीये.

सेलमचा पाव्हणा

गलाईवाल्यांचा आहे म्हणून लिहितोय. माझे पण वडील विट्याकडून आले इकडे, माझा जन्म तामिळनाडूचाच, मराठी घरात बोलतो त्यामुळे लिहिण्यात चुका असतील समजून घ्या. तुमच्या नानांना फोन करून नाही, समोर बसवून विचारा. आमच्या वडिलांना गावचं कोणी बोललं की डोळे भरतात पण फोनवर नुसतं "बरं आहे बरं आहे" म्हणतात. पंधरा सोळा वर्षाचा पोरगा भाषा न येता दुकानात शेगडी फुंकत, अॅसिडच्या धुरात राहतो, त्याला पहिल्यांदा इथपर्यंत सोडायला कोण आलं, गाडीभाड्याचे पैसे कुणी दिले, हे तो विसरत नाही. तुमच्या अण्णांचं सगळ्यात जास्त नानांनाच माहीत असेल, बापाच्या जागी तेच होते त्यांना.

कोरडवाहू

सगळे चांगलं सांगतायत, मी एक वेगळं सांगतो. मी माझ्या वडिलांचं लिहिलं तेव्हा भावकीतलं बांधाचं भांडण लिहिलं होतं, घरात दोन मतं पडली. माझं मत अजून तेच आहे की लिहावं. वडील रागीट असतील, कुणाशी अबोला असेल, दारू सोडली असेल तर कधी सोडली, हे सगळं यायला पाहिजे, नाहीतर सगळ्यांचे वडील सारखेच दिसतात, कष्टाळू आणि देवमाणूस.

फेरफार_वाचक

कोरडवाहू, स्वभाव लिहावा हे मान्य. पण बांधाचं, वाटणीचं लिहिताना जपून. समोरच्या घरातली माणसं वर्षश्राद्धाला जेवायला येणार आणि हातात ही वही पडणार. ज्याचा निकाल लागलाय ते लिहावं, ज्याची केस चालू आहे ते नको. मात्र एक गोष्ट जरूर लिहावी असं मला वाटतं, बहिणींनी हक्कसोड दिली असेल तर ती. रकान्यात एका ओळीत नाव कमी होतं आणि पुढच्या पिढीला वाटतं जमीन पहिल्यापासून आपलीच होती.

जोंधळा

हक्कसोडीबद्दल अगदी अगदी. माझ्या आत्यांनी सही केली तेव्हा दोघींना एकेक लुगडं मिळालं. हे लिहायलाच पाहिजे.

माणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितोय कारण मधे गावी जाऊन आलो.

डिलाईलरोड, तुमची कमेंट वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. अण्णा बांधावरून हाक मारायचे ती चार रानं पलीकडं जायची आणि टीव्ही तर असा की गल्लीला बातम्या कळायच्या. आम्ही सगळे ते वयामुळं आहे असं धरून चाललो होतो. आईला विचारलं तर ती म्हणाली, मुंबईहून आले तेव्हापासनंच तसं, तेव्हा तर तरणेताठे होते. म्हाडाचा अर्ज केला होता, ती फाईल नानाच्या मुलाकडं निघाली, त्यात तिकीट नंबर आणि खातं दोन्ही आहे. गावच्या मंडळाची खोली अजून आहे, सेक्रेटरींशी बोलणं झालंय, जुन्या वह्या माळ्यावर आहेत म्हणाले.

फेरफाराची नक्कल मिळाली. आजोबांच्या वारसनोंदीत अण्णा अज्ञान आहेत आणि अ.पा.क. म्हणून आजीचं नाव आहे. दोन्ही आत्यांची नावं लागलीत त्यात. आणि पुढं खरंच हक्कसोडीचा फेरफार आहे, साल 1991. त्याच सुमाराला इतर हक्कात विहिरीचा बोजा चढलाय. मोठ्या आत्याला विचारलं. ती म्हणाली विहिरीला कर्ज पाहिजे होतं, बँकवाला सगळ्यांच्या सह्या मागत होता, म्हणून आम्ही दोघी आटपाडीला जाऊन नाव काढून आलो, दादानं मागितलं नव्हतं, आमचं आम्हीच ठरवलं. त्याच विहिरीवर पहिली डाळिंबं लागली, गणेश जातीची. 1990 ला सरकारनं रोजगार हमीतून फळबाग योजना आणली त्यात खड्ड्यांचे पैसे मिळाले. म्हणजे 72 ला खडी फोडली ती पण सरकारी दुष्काळी कामावर आणि वीसेक वर्षांनी स्वतःच्या रानात खड्डे घेतले ते पण रोजगार हमीवर. हे दोन्ही शेजारी शेजारी मांडणार आहे.

जोंधळाताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. आई लसूण सोलत होती, मी एकेक कुपन वाचत गेलो. "धाकटीला शाळेतून काढू नये" वाचलं आणि ती म्हणाली, आत्याबाईंना (म्हणजे माझ्या आजीला) ती ओळ मी वाचूनच दाखवू दिली नव्हती, पोस्टमनला आधीच सांगून ठेवलेलं की पैशाचं तेवढं मोठ्यानं वाच आणि ते शाळेचं नंतर मला एकटीला सांग. सासूबाईंना पोरगी घरात कामाला पाहिजे होती, ती ओळ ऐकली असती तर मुद्दाम काढली असती म्हणे. मग आईनं काय केलं तर नणंदेच्या वाटणीचं शेणपाणी स्वतः पहाटे उठून उरकायची आणि धाकटीला घंटा व्हायच्या आधी मागच्या दारानं शाळेत लावून द्यायची. सासूबाईंना कळायचं पण काम झालेलं असल्यामुळं बोलायला जागा नसायची. माझ्या आत्याला आजपर्यंत वाटत होतं की दादामुळं शिकले. काल फोनवर तिला हे सांगितलं तर ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली वहिनीला दे फोन.

त्यामुळं वही दोघांची करायची हे पक्कं झालंय. कोरडवाहू दादा, राग पण येईल त्यात, अण्णा आणि नाना पाच वर्षं बोलत नव्हते, कारण अजून कुणी सांगत नाहीये. नाना वर्षश्राद्धाला येतोय, आठ दिवस आधी. सेलमच्या पाव्हण्यांनी सांगितलं तसं समोर बसूनच विचारणार. तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल तर कृपया मेसेज करा, कोतवाल बुकाच्या दोन पानांचे फोटो आहेत माझ्याकडं, त्यातलं एक नाव लागत नाहीये.